भट्टीत पाव, मागच्या दारी मुडदा

बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार वाचून तुम्ही रहस्यकथा लिहायला बसला असाल, तर आधी ते पिस्तूल खाली ठेवा आणि ओव्हनचे जाड हातमोजे चढवा. आपल्याला जी कादंबरी लिहायची आहे तिच्यात नायिका चेटकीण आहे, तिची स्वतःची बेकरी आहे आणि बेकरीच्या मागच्या दाराशी, कचऱ्याच्या डब्याला टेकून, सकाळी सहाच्या सुमारास कुणीतरी मरून पडलेलं आहे. अमेरिकेत आणि इंग्लंडात ह्या मालाला बारमाही गिऱ्हाईक असतं. तिकडे त्याला 'कोझी' म्हणतात. पांघरुणात पाय घेऊन, हातात चहाचा कप धरून वाचायचा खून.

नियम सोपे आहेत. रक्त दिसता कामा नये. शिवी ऐकू येता कामा नये. दोघं जवळ आली की लेखकाने खोलीचं दार बाहेरून ओढून घ्यावं. खून मात्र चालतो. किंबहुना तो नसेल तर हस्तलिखित परत येतं. ही नीतिमत्ता तुम्हाला चमत्कारिक वाटत असेल तर तुम्ही अजून नवखे आहात. काळजी करू नका, तिसऱ्या पुस्तकापर्यंत सगळ्यांनाच सवय होते.

१. आधी शीर्षक पाडा

कथानक मागाहून सुचतं. नाही सुचलं तरी अडत नाही. शीर्षकात एक खाण्याचा पदार्थ हवा, एक जादूटोण्याची खूण हवी, आणि जमल्यास दोन्हींचं आद्याक्षर एक हवं. बेली केट्स ह्या नावाने निघालेल्या 'मॅजिकल बेकरी मिस्टरी' मालिकेतलं पहिलं पुस्तक २०१२ साली आलं. नाव 'ब्राउनीज अँड ब्रूमस्टिक्स'. मग 'बिविच्ड, बॉदर्ड अँड बिस्कॉटी' आलं, 'चार्म्स अँड चॉकलेट चिप्स' आलं, 'सम एन्चांटेड एक्लेअर' आलं. नुसत्या नावावरून गिऱ्हाइकाला कळतं की चेटकीण आहे, गोडधोड आहे आणि जो मेलाय त्याचा फार त्रास करून घ्यायचा नाही.

सराव मराठीत करा, खर्च येत नाही. 'करणी आणि करंजी'. 'चकवा आणि चकली'. 'मुंजा आणि मुरंबा'. हात बसला की इंग्रजीकडे वळा.

२. गाव निवडा, शिरगणती टाळा

गाव लहान हवं. समुद्रकाठचं असेल तर उत्तम. चर्च, ग्रंथालय, लोकरीचं दुकान, जुन्या वस्तूंचं दुकान आणि तुमची बेकरी. शाळा-दवाखाना ऐच्छिक.

ह्या बाबतीत थोरामोठ्यांनी वाट घालून दिलेली आहे. ॲगाथा ख्रिस्तींच्या मिस मार्पल १९३० साली 'द मर्डर ॲट द व्हिकारेज' ह्या कादंबरीत आल्या त्या सेंट मेरी मीड नावाच्या खेड्यातून. चार बंगले, एक चर्च, आणि माणूस मारण्याची हौस मात्र मोठ्या शहराला लाजवील अशी. पुढे अमेरिकन दूरचित्रवाणीवर 'मर्डर, शी रोट' ही मालिका १९८४ ते १९९६ अशी बारा हंगाम चालली. भाग २६४. तिच्यातलं कॅबट कोव्ह हे मेन राज्यातलं काल्पनिक गाव, वस्ती जेमतेम काही हजार. सगळे खून गावातच झाले असं नाही. लेखिका असलेल्या जेसिका फ्लेचरबाई अधूनमधून बाहेरगावी जात, तिथे माणसं मरत आणि तेवढीच गावाला उसंत मिळे. तरीसुद्धा बारा वर्षांत एकानेही घर विकायला काढलं नाही, बाईंना चहाचं बोलावणं आलं की कुणी आजारपणाचं निमित्त सांगितलं नाही. ह्याला म्हणतात शेजारधर्म.

तुमच्या गावकऱ्यांनाही असंच ठेवा. सहाव्या खुनानंतरही त्यांनी "आपल्या गावात असं कधी झालं नव्हतं" हे वाक्य ताज्या धक्क्याने म्हणावं. ताजेपणा महत्त्वाचा. बेकरीचंच पुस्तक आहे.

गावातल्या अंत्यसंस्कारवाल्याचा उल्लेख शक्यतो टाळा. तालुक्यातला सर्वांत श्रीमंत माणूस तोच निघेल आणि मग खुनी कोण हे वाचक पानही न उलटता सांगतील.

३. नायिकेचं आयुष्य वेळेवर उद्ध्वस्त करा

पहिलं पान उघडण्याआधीच तिची नोकरी गेलेली, लग्न मोडलेलं किंवा दोन्ही. ती शहर सोडून मावशीच्या गावी येते. मावशी भाचीला दोन गोष्टी देते: बेकरीत भागीदारी आणि ती जन्मजात चेटकीण असल्याची बातमी. 'मॅजिकल बेकरी'तल्या केटी लाइटफुटचं असंच होतं. ती जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात येते, मावशी-काकांबरोबर 'हनीबी' नावाची बेकरी थाटते, आणि मग आपल्या रक्तात काय आहे ते तिला कळतं.

बातमी कळल्यावर नायिकेने किती वेळ हादरून राहावं? एक परिच्छेद. ओव्हनमध्ये मफिन आहेत.

४. जादू द्या, पण उपयोगाची देऊ नका

इथे नवखे घसरतात. चेटकीण म्हटल्यावर ते तिला सगळंच देऊन बसतात: आरशात खुनी दिसतो, मृतात्मा येऊन नाव-पत्ता सांगतो. पुस्तक विसाव्या पानावर संपतं आणि उरलेल्या दोनशे ऐंशी पानांत भरायला फक्त साखर उरते.

रोनाल्ड नॉक्स ह्यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. त्यांतला दुसराच असा की तपासात अमानवी शक्तीला थारा नाही. (तिसरा: चोरवाट एकाहून जास्त नको.) नियम करणारे हे नॉक्स कॅथलिक धर्मगुरू होते, म्हणजे चमत्कारांवर श्रद्धा ठेवणं हा त्यांच्या कामाचाच भाग, पण रहस्यकथेत ते कुणाच्या बापाला चमत्कार करू देत नव्हते. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये 'डिटेक्शन क्लब' निघाला. ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स अशी मंडळी त्यात. नव्या सभासदाला शपथ घ्यावी लागे की माझा गुप्तहेर साक्षात्कारावर, मंत्रतंत्रावर, बायकांच्या अंतःप्रेरणेवर किंवा योगायोगावर विसंबणार नाही.

तुमच्या कादंबरीत ह्या चार गोष्टींखेरीज काय असणार आहे? म्हणून तोडगा असा: जादू पिठात चालावी, पुराव्यात चालू नये. नायिकेने रोझमेरी घातलेला पाव दिला की गिऱ्हाइकाची स्मरणशक्ती तल्लख व्हावी. त्याला आठवावं मात्र आजीच्या हातचं सूप, खुनाच्या रात्री पाहिलेली मोटार नव्हे. जादूने दालचिनीचा वास गल्लीभर पसरावा, पण खुन्याच्या बोटांचे ठसे उमटवण्याइतकी ती कधीच प्रबळ नसावी. शेवटच्या प्रकरणात, नायिकेचा जीव कंठाशी आल्यावर, ती अचानक प्रबळ व्हावी. नॉक्स १९५७ साली वारले. तक्रार येणार नाही.

५. बेकरी चालवा, पण नायिकेला तिथे थांबवू नका

ही पायरी तुमच्या ओळखीतल्या कुठल्याही बेकरीवाल्याला वाचून दाखवू नका.

खऱ्या बेकरीत माणूस पहाटे दोन-तीनला उठतो. मुंबईतल्या पावभट्टीवर जाऊन पाहा: जग कूस बदलत असतं तेव्हा पहिली लादी बाहेर पडते आणि सायकलवाला दाराशी उभा असतो. पिठाचं वजन शंभर धरलं तर पाणी साधारण पासष्ट-सत्तर आणि मीठ दोन. त्यात चूक झाली की दिवसाचा माल गेला. पीठ मळायचं, फुगू द्यायचं, गोळे करायचे, पुन्हा फुगू द्यायचं, भाजायचं, भांडी घासायची, लोण्याचा भाव बघून छाती धरायची, दुपारी मेल्यासारखं झोपायचं. ह्यात संशयितांच्या घरी जाऊन चौकशा करायला वेळ कुठला?

कादंबरीत असतो. नायिका सकाळी स्कोनचं एक ताट ओव्हनमधून काढते, एप्रन सोडते आणि "मावशी, जरा आलेच" म्हणून जी निघते ती संध्याकाळी येते. मध्यंतरी वकील, वारसदार, माळी आणि विधवा अशा चार जणांच्या घरी तिचा चहा झालेला असतो. गल्ला मावशी सांभाळते. मावशी थकत नाही, पगार मागत नाही, आणि अन्न निरीक्षक विचारायला आलाच तर प्रेत आवाराच्या बाहेर होतं असं सांगते. प्रेत सापडल्यावर विक्री वाढलीच पाहिजे. ज्या दुकानाच्या पायरीवर काल मुडदा होता तिथलाच केक आज पोरीच्या वाढदिवसाला हवा, असं एकाही खऱ्या माणसाला वाटत नसेल; तुमच्या गावात रांग लागावी.

पिठाचा एकच गुण कथेच्या कामाचा आहे. त्याला फुगायला तीन-चार तास लागतात आणि एका संशयिताच्या घराची झडती घ्यायलाही तेवढेच लागतात. वेळापत्रक त्यावर बसवा.

६. मुडदा: सोयीचा निवडावा

आता मुख्य जिन्नस. मरणारा माणूस असा हवा की त्याच्या जाण्याने कुणाचंही जेवण चुकू नये. बेकरीची जागा गिळायला टपलेला बिल्डर, तुमच्या एक्लेअरबद्दल वाईट लिहिणारा समीक्षक, नायिकेचा माजी नवरा, किंवा बागप्रदर्शनात दरवर्षी पहिली येणारी खाष्ट बाई. पहिल्या प्रकरणात त्याला दुकानात आणा, सगळ्यांसमोर नायिकेचा अपमान करवा, तिच्या तोंडून "एक दिवस हा माणूस…" एवढं अर्धं वाक्य काढा आणि दुसऱ्या प्रकरणात त्याला आडवा करा.

मृताला आई असू नये. असलीच तर ती दूर राहणारी, श्रीमंत आणि कोरड्या डोळ्यांची असावी. मुलं असतील तर मोठी आणि मृत्युपत्राकडे डोळे लावून बसलेली. कुणी खरोखर रडलं की तुमचा कोझी गेला. त्याच्या जागी दुःखाची कादंबरी उभी राहते. तिची पाठराखण करायला साहित्य संमेलनं आहेत, प्रकाशक नाहीत. रडू आवरत नसेल तर नायिकेने केक करपल्यावर रडावं.

हत्यार म्हणून विष घ्या, आणि ते नायिकेच्याच पदार्थात सापडू द्या, म्हणजे तपास करायला तिला कारण मिळतं. ख्रिस्तींनी पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयातल्या औषधालयात काम केलं होतं. तिथे बाटल्यांमध्ये उभं राहून जे शिकल्या ते त्यांना जन्मभर पुरलं; १९२० सालच्या पहिल्याच कादंबरीत त्यांनी स्ट्रिकनीन वापरलं. तुम्हाला औषधालय मिळणार नाही, तेव्हा सायनाइडवर भागवा. त्याला कडू बदामाचा वास असतो, तो काही माणसांना जन्मतःच येत नाही, आणि बेकरीत बदामाच्या अर्काची बाटली असतेच. इतकी सोय परमेश्वर रोज करत नाही.

आणि एक गोष्ट पाठ करून ठेवा. माणूस कोणताही मारा. मांजर मारू नका. कोझीत हा कायदा आहे आणि त्याला अपवाद नाही. गावातली निम्मी माणसं संपली तरी वाचक पुढचं पुस्तक मागतात. मांजर लंगडलं तरी पत्रं येतात.

७. प्राणी

मांजरावरून आठवलं. चेटकिणीला साथीला प्राणी लागतो आणि तो पोलिसांपेक्षा हुशार असावा. लिलियन जॅक्सन ब्रॉन ह्यांनी १९६६ साली एका सयामी बोक्याला तपासावर नेमलं, तेव्हापासून मांजरांची भरती थांबलेली नाही. मांजर घेतलंच पाहिजे असंही नाही. केटी लाइटफुटकडे मंगो नावाचा केर्न टेरियर आहे. जूलिएट ब्लॅकवेल ह्यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या चेटकिणीकडे चक्क डुकराचं पिल्लू आहे.

नावासाठी अडलं असेल तर थेट मूळ कागदपत्रांकडे जा. १६४५ साली इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात मॅथ्यू हॉपकिन्स नावाच्या गृहस्थाने चेटकिणी शोधण्याचा उद्योग काढला. मॅनिंगट्री गावची एलिझाबेथ क्लार्क ही म्हातारी, एका पायाने अधू. तिला रात्रीमागून रात्री झोपू दिलं नाही, तेव्हा तिने आपल्या सैतानी प्राण्यांची नावं सांगितली. हॉपकिन्सने ती पुढे पुस्तकात छापली. त्यांत व्हिनेगर टॉम आहे, जरमारा आहे, आणि एक काळा ससा आहे, नाव 'सॅक अँड शुगर'. मद्य आणि साखर! बेकरीतल्या सशाला ह्याहून गोड नाव शोधून मिळायचं नाही. म्हातारीला त्याच वर्षी फाशी दिलं. हे वाक्य पुस्तकात घेऊ नका, फक्त ससा घ्या.

८. इतिहास चाळणीने चाळून घ्या

संपादक तुम्हाला विचारील, "थोडी पार्श्वभूमी?" तेव्हा सेलमचं नाव घ्या आणि विषय बदला. विषय का बदलायचा ते सांगतो, कारण चेटकीण आणि भट्टी ह्यांचा एकत्र असा खरा, कागदोपत्री दाखला त्याच प्रकरणात आहे.

मॅसॅच्युसेट्समधलं सेलम व्हिलेज, साल १६९२. पाद्री सॅम्युएल पॅरिस ह्यांची मुलगी आणि भाची झटके येऊन किंचाळू लागल्या. डॉक्टर म्हणाला, हे बाहेरचं आहे. मग मेरी सिबली नावाच्या शेजारणीने एक घरगुती तोडगा सुचवला आणि पॅरिसांच्या घरातल्या टिटुबा आणि जॉन इंडियन ह्या गुलाम जोडप्याने तो करून पाहिला. त्याला 'विच केक' म्हणतात. साहित्य: राय नावाच्या धान्याचं पीठ आणि झपाटलेल्या मुलींचं मूत्र. कृती: मळून निखाऱ्यात भाजावं आणि कुत्र्याला घालावं, म्हणजे कुणी करणी केली ते कळतं. कुत्र्याने काय सांगितलं त्याची नोंद नाही. पण पाद्रीबुवांना कळल्यावर त्यांनी भर चर्चमध्ये सिबलीबाईंची हजेरी घेतली: सैतानाच्या विरोधात सैतानाचीच मदत घेतलीत! सिबलीबाई सुटल्या. टिटुबाला अटक झाली. वर्ष संपायच्या आत एकोणीस जण फासावर गेले, ऐंशीच्या आसपासचे जाइल्स कोरी दगडांखाली चिरडून मेले, काही तुरुंगातच वारले. सेरा गुड ह्या भिकारणीची चार-पाच वर्षांची पोर साखळदंडात होती.

ह्यातलं वापरण्याजोगं काय, ते तुम्हीच पाहा. केक आहे, कुत्रा आहे, चौकस शेजारीण आहे, चिडका पाद्री आहे. लहान गाव तर आहेच. अख्खा कोझी तयार आहे. एकच गैरसोय, की मेलेल्यांना आई होती आणि मुलंही होती.

१९७६ साली लिंडा कॅपोरेल ह्या संशोधिकेने 'सायन्स' नियतकालिकात मांडलं की त्या मुलींचे झटके रायच्या पिठातल्या अर्गट बुरशीमुळे असावेत. ती पोटात गेली की आचके येतात, भास होतात. त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासकांनी हे खोडून काढायला सुरुवात केली आणि वाद अजून आहे. तुम्ही त्यात पडू नका. तुमची नायिका बेकरीवाली आहे. खुनी पाव निघाला तर मालिका पहिल्याच भागात बंद.

दोषी ठरलेल्यांपैकी शेवटच्या स्त्रीला राज्याने अधिकृतपणे निर्दोष ठरवलं ते २०२२ साली, एका शाळेतल्या मुलांनी पाठपुरावा केला म्हणून. तीनशे तीस वर्षं. दरम्यान सेलम शहर थांबलं नाही. तिथल्या पोलिसांच्या बिल्ल्यावर झाडूवर बसलेली चेटकीण आहे, गाडीवरही आहे. २००५ साली भर चौकात 'बिविच्ड' ह्या विनोदी मालिकेतल्या हसऱ्या चेटकिणीचा पुतळा बसला. ऑक्टोबरात पर्यटकांना पाय ठेवायला जागा नसते. थोडक्यात, तुमचं काम त्या शहराने आधीच करून ठेवलेलं आहे.

हुरूप येऊन कुणी म्हणेल, मग बेकरी महाराष्ट्रातच काढू. मुलांच्या नाटकात काढा. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण तिथे पिढ्यान्‌पिढ्या टाळ्या घेते आहे. पण कोझीसाठी जागा चांगली नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवर एखाद्या बाईला डाकीण ठरवलं की पुढे जे होतं ते चहाबरोबर वाचता येत नाही. अमकी करणी करते, तमकीने मंत्राने गुरांचं दूध आटवलं, असं जाहीर करणं हा आपल्याकडे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडलेल्या नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात सकाळी गोळ्या घातल्या, त्यानंतर वटहुकूम निघाला. सव्हानाचं भाडं जास्त असेल, पण बेकरी तिथेच ठेवा.

९. पुरुष

दोन. एक पोलीस, एक बिनपोलीस. जोआन फ्लूक ह्यांच्या हॅना स्वेन्सनची मिनेसोटात कुकीजची बेकरी आहे, २००० सालापासून. ती चेटकीण नाही, तरी प्रेतं तिलाच सापडतात. आणि तिच्या मागे एक गुप्तहेर पोलीस आणि एक दाताचा डॉक्टर आहे. बेकरीवालीला दाताचा डॉक्टर! ह्याला म्हणतात व्यवसायाची जाण. निवड करायला तिला घाई करू देऊ नका. लग्न लागलं की प्रत्येक पुस्तकातली चाळीस पानं रिकामी होतात.

पोलिसाने दर पुस्तकात एकदा "तू ह्या भानगडीत पडू नकोस" म्हणावं आणि लगेच सगळा तपास तिला सांगून टाकावा.

१०. खुन्याला बोलतं करा

रात्र. बेकरी बंद. मागच्या दाराला कडी नाही, कारण गाव सुरक्षित आहे. नायिकेचा फोन वरच्या मजल्यावर चार्जिंगला. खुनी आत येतो. मारायला आला आहे, पण आधी वीस मिनिटं बोलतो: जमीन कुणाची, मृत्युपत्र कुठे, विष कशात, सोळाव्या वर्षी कोण काय म्हणालं होतं. त्याला मध्येच थांबवू नका. इतकी पानं तो कुणाशीही मोकळेपणाने बोललेला नाही.

मग लाटणं. किंवा मैद्याची गोण. मैद्याची धूळ हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो, ही थापेबाजी वाटली तरी हे खरं आहे. १८७८ साली मिनिआपोलिसमधली वॉशबर्न पिठाची गिरणी अशीच उडाली आणि अठरा कामगार गेले. तुम्ही मात्र ठिणगी टाळा. गोण नुसती डोक्यात घाला. खुनी पांढरा व्हावा, जखमी होऊ नये. कुत्रं पायात यावं, जादू चौथ्या पायरीत कबूल केल्याप्रमाणे जागी व्हावी, आणि पोलिसाने दार ढकलून आत यावं. ह्या पुस्तकात त्याच्या वाट्याला एवढंच काम आहे.

अटकेनंतर खटला नको, शिक्षा नको. जॉर्जियात खुनाला काय शिक्षा असते ह्याची नायिकेला उत्सुकता नसावी. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी बेकरीत जमून कॉफी प्यावी.

११. पाककृती: इथे मात्र चुकायचं नाही

शेवटची दहा-बारा पानं. कथेत आलेला प्रत्येक पदार्थ, साहित्य आणि कृतीसह. आतापर्यंत मी तुम्हाला सगळीकडे सूट दिली. मृत्यूची वेळ जुळली नाही तरी चालेल, विष चार तास उशिरा चढलं तरी चालेल, चौथ्या प्रकरणात डावखुरा असलेला माळी अकराव्यात उजव्या हाताने सही करू शकतो. पण खायचा सोडा छोटा चमचा आहे की मोठा, ह्यात गफलत झाली तर देव तुमचं रक्षण करो. पदार्थ घरी चारदा करून पाहा. वेगळ्या ओव्हनमध्ये करून पाहा. शेजाऱ्यांना खाऊ घाला. कप अमेरिकन मापाचा की इंग्लिश, हे लिहा. खून करून पाहायला कुणी सांगितलेलं नाही. ब्राउनी मात्र वाचक त्याच रात्री करून पाहणार आहेत.

सगळं नीट जमलं तर बक्षीसही आहे. वॉशिंग्टनजवळ मेरीलँडमध्ये 'मॅलिस डोमेस्टिक' नावाचा मेळावा भरतो, तिथे १९८९ पासून 'ॲगाथा' पुरस्कार देतात. पुरस्कार म्हणजे चहाची किटली, तिच्यावर कवटी आणि दोन आडवी हाडं. धुऊन वापरता येते.

१२. दुसऱ्या पुस्तकाची पेरणी

प्रकाशक एक पुस्तक घेत नाही, तीन घेतो. म्हणून पहिलं पुस्तक छपाईला देण्याआधी गावात अजून कोण उरलंय त्याची यादी करा. मावशी, कुत्रा आणि दोन्ही पुरुष खोडा. उरलेल्यांपैकी एकाला, शक्यतो टपालवाल्याला, सातव्या प्रकरणात बेकरीत आणा, त्याला दालचिनी रोल शिळा असल्याचं मोठ्याने सांगू द्या, आणि पैसे न देता जाऊ द्या.